आधी डंका, मग अंक

दिवाळीच्या दिवसांत भांडू नये, असे आमच्या आईचे सांगणे होते. नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावतानाच ती आम्हा भावंडांची सगळी भांडणे मिटवून टाकी. आणि भाऊबीजेपर्यंत कुणी तोंड वाकडे केले, तर त्याच्या वाटच्या चकल्या दुसऱ्याच्या ताटात जात. मी आज तिची आज्ञा मोडणार आहे. भांडणाचे निमित्त दिवाळीच्या तोंडावर आपण होऊन माझ्या घरी चालत आले, त्याला मी काय करू? आणि चकल्यांचे म्हणाल, तर डॉक्टरांनी त्या तशाही बंद केल्या आहेत.

माझा भाचा नियतकालिक काढतो आहे. खानदेशातल्या शेतीवर, बाजारांवर, बोलीवर एक त्रैमासिक. कल्पना उत्तम. मुलगा हुशार, केळीच्या बागेत वाढलेला, कष्टाला न भिणारा. तो एक जाडजूड फाईल घेऊन आला आणि माझ्यापुढे ती उलगडून बसला. तिच्यात चार रंगांतले बोधचिन्ह होते. मुखपृष्ठाचे तीन नमुने होते. प्रकाशन-समारंभाचा बेत होता. मंगल कार्यालय, एक आमदार, एक नट, आणि नटाच्या प्रवासखर्चाचा अंदाज. जाहिरातींचे दरपत्रक होते. एकोणीस जणांचे सल्लागार मंडळ होते, त्यात अकराव्या नंबरावर माझे नाव होते. मी फाईल शेवटच्या पानापर्यंत पाहिली, पुन्हा उलटी चाळली, आणि विचारले, “अरे, मजकूर कुठे आहे?”

“मजकुराचं काय मामा, तो मिळतोच,” तो म्हणाला. “आधी नाव तर होऊ द्या.”

माझे भांडण या वाक्याशी आहे, भाच्याशी नाही. कारण वाक्य त्याचे नव्हेच. ते आज सगळीकडे हवेत आहे आणि पोरे ते श्वासाबरोबर आत घेतात. आधी गर्दी जमवा, मग तिला काय सांगायचे ते बघू. पत्रिका वाटून झाल्या, मांडव पडला, वाजंत्रीवाले दारात येऊन बसले, आणि वरपक्षात नवरदेवाचा शोध अजून चालूच आहे, अशातला हा प्रकार. बरे, वाजंत्री इतकी जोरात की नवरदेव नाही हे पंगत उठेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही!

आमच्याच खानदेशात अमळनेरला एक नियतकालिक निघत असे. त्याला बोधचिन्ह नव्हते, सल्लागार मंडळ नव्हते, छापखानाही नव्हता. १९२४ साली साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. दैनिक, हो! मासिक नव्हे. दिवसभर शिकवायचे, मुलांची दुखणीखुपणी काढायची आणि मग पाने लिहून काढायची. प्रत एक. वाचक वसतिगृहातली पोरे. याच हातांनी १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक काढले, आणि १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही निघते आहे. मी भाच्याला विचारले, त्या पहिल्या एका प्रतीच्या दैनिकाचा खप किती धरायचा? तो हसला. त्याला वाटले, मी विनोद केला.

एकहाती नियतकालिकांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. तिचा अभिमान सांगणारे पुष्कळ, तिच्याकडून काम शिकणारे थोडे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक काढले. जवळजवळ सगळे लिखाण त्यांचे एकट्याचे. त्यांची मते पटोत न पटोत (मला निम्मी पटत नाहीत), पण ‘मजकूर मिळतोच’ असे म्हणून त्या माणसाने अंक जाहीर केला नव्हता. सांगण्यासारखे पोटात मावेना, म्हणून त्याने कागद घेतला.

आणि र. धों. कर्वे! संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, तरी हा गृहस्थ १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ काढतो आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवतो. सव्वीस वर्षे! लिहिणारे मुख्यतः तेच, संपादक तेच, मुद्रिते तपासणारे तेच आणि वर्गणीचा हिशेब ठेवणारेही तेच. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. दंड भरून कर्वे घरी आले आणि पुढच्या अंकाला लागले. त्यांना लोकप्रिय व्हायचे असते, तर दोन अंकांतच विषय बदलता आला असता. पण ज्या विषयासाठी मासिक काढले, तोच बदलून मासिक वाढवायचे, ही युक्ती त्यांना सुचली नाही. आजच्या जाणत्यांना ती पहिल्या अंकाच्या आधीच सुचते.

इथपर्यंत वाचून काही वाचक माना डोलावत असतील, की बरोबर आहे, प्रसिद्धी म्हणजे हलकेपणा. चांगले लिहावे आणि स्वस्थ बसावे, वाचक आपल्या पायांनी येतो. वाचकहो, माझे भांडण तुमच्याशीही आहे. वाचक आपल्या पायांनी येत नाही. त्याला कळल्याशिवाय तो येणार कुठून? ‘आम्ही कुणाच्या दारी जात नाही’ हे वाक्य ज्यांची दारे आधीपासून उघडी असतात त्यांना शोभते. इतरांच्या तोंडी ते आले की समजावे, पोटमाळ्यावर गठ्ठे पडून आहेत. माझ्या पोटमाळ्यावर होते, म्हणून सांगतो.

‘मूकनायक’ची गोष्ट आठवा. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी हे पाक्षिक मुंबईहून सुरू केले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. पत्र निघते आहे एवढी साधी जाहिरात ‘केसरी’त यावी, म्हणून विचारणा झाली, फुकट नव्हे, रोख पैसे मोजून. ‘केसरी’ने ती छापली नाही. मजकूर होता, पैसे होते, बोलायची निकड तर पिढ्यान्‌पिढ्यांची होती. आणि तरीही ‘आम्ही आहोत’ एवढे सांगायला चार ओळींची जागा विकत मिळाली नाही. या माणसाला कोणी सांगेल का, की प्रसिद्धी हलकी, तुम्ही नुसते चांगले लिहा? १९२७ च्या एप्रिलात त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढला, तेव्हा रकानेच्या रकाने त्यांना स्वतःच्या हातांनी भरावे लागले. तो १९२९ साली बंद पडला. पैशावाचून पडला, सांगण्यासारखे संपले म्हणून नव्हे.

तेव्हा कळवणे निराळे आणि पिटणे निराळे. मी काय लिहितो आहे, कुणासाठी, किती पैशांत आणि कुठे मिळेल, हे गल्लीच्या तोंडाशी उभे राहून सांगणे हे संपादकाचे कर्तव्यच आहे. त्यात लाजायचे काय? भाजीवालीसुद्धा ओरडते. पण ती टोपलीत मेथी असली तरच ‘मेथी’ म्हणून ओरडते. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन नुसता गळा काढणारी भाजीवाली मी अजून पाहिलेली नाही. संपादक मात्र पाहिले आहेत.

जाहिरातीलाही मी शिवी देत नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा आपल्याकडे रुजली, ती प्रथा आजवर टिकली त्यात जाहिरातदारांचा हातभार मोठा आहे. हा अंक चाळताना तुम्हाला एखाद्या सराफाचे वा मसालेवाल्याचे पान लागेल. लागू द्या. कागदाचे पैसे त्याने दिले आहेत आणि ‘मी सराफ आहे’ हे तो लपवीत नाही. एवढेच काय, किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, ती सरळसरळ कारखान्याची खबर होती. कारखान्याचे नाव वर ठळक छापलेले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याच रोपाचे ‘किर्लोस्कर’ मासिक केले. पुढे १९३० साली ‘स्त्री’ आले आणि चार वर्षांनी ‘मनोहर’. नांगर विकणाऱ्यांच्या घरातून बायकांच्या प्रश्नांवर लिहिणारे मासिक निघाले! दुकानदाराने मासिक काढले तर काही बिघडत नाही. मासिक काढणारा गुपचूप दुकानदार झाला, की बिघडते.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. मी स्वतः ते करून चुकलो आहे. आजवर छापून कबूल केले नव्हते, आज करतो.

१९७६ पासून अकरा वर्षे मी आमच्या गावी एक मासिक चालवले. एकशे अठ्ठावीस अंक निघाले, चार बुडाले. बाजारपेठेच्या मागच्या बोळात एका ट्रेडल मशीनवर ते छापले जाई. खिळे जुळवणारा गडी दुपारी जेवून आला, की त्याच्या हातून हमखास ‘शेती’ची ‘शाती’ होई. पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ मी तीन रंगांत केले होते. ब्लॉक मुंबईहून करून आणले. हाताशी होते त्यातले निम्मे पैसे त्यातच गेले. मग आतला मजकूर झिजलेल्या बारीक खिळ्यांत, दाटीवाटीने, मिळेल त्या कागदावर. आमचे एक निवृत्त गुरुजी पहिले वर्गणीदार. ते अंक घेऊन आले आणि म्हणाले, “बाहेरचं मोराचं चित्र सुरेख आहे हो. आतलं जरा वाचून दाखवता का?” नियतकालिकाच्या सजावटीविषयी त्यानंतर मी पुष्कळ वाचले, पुष्कळ ऐकले, पण त्या गुरुजींच्या पुढे कुणी गेला नाही. मी देखणेपणाच्या विरुद्ध नाही. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठासाठी ‘दीपावली’ घेऊन जाणारी माणसे माझ्या लहानपणी आमच्या घरातच होती. पण अक्षर ठसठशीत असावे, ओळींमध्ये वारा खेळावा, समास इतका असावा की अंगठा अक्षरांवर येऊ नये, हे आधी. जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’ने गेल्याच्या मागच्या शतकात देवनागरीला जे वळण दिले, ते बघत बसावेसे वाटते, आणि तरी बघत बसता येत नाही, कारण डोळा वाचीत पुढे जातो.

खपाचेही सांगून टाकतो. माझ्या दरपत्रकावर ‘खप १५००’ असे छापले होते. छापत होतो सहाशे. त्यातले दीडशे पोटमाळ्यावर जात. आमची सौभाग्यवती म्हणे, “तुमच्या अंकाचे सर्वांत नियमित वाचक उंदीर; एकही पान सोडत नाहीत.” पण खोटा आकडा नुसता जाहिरातदाराला फसवत नाही. तो हळूहळू संपादकालाच खरा वाटू लागतो. मग पंधराशे लोकांना काय आवडेल याचा विचार सुरू होतो, आणि जे साडेचारशे खरोखर वाचतात, पत्रे पाठवतात, चुका काढतात, ते विसरले जातात.

आणि आता ती गोष्ट. पाचवे-सहावे वर्ष असेल. कागदाचे देणे थकले होते. संकरित कपाशीचे बियाणे विकणारे एक व्यापारी मागचे पान वर्षभरासाठी घ्यायला तयार झाले. अट एवढीच, की आत एक ‘माहितीपर लेख’ यावा. लेखही त्यांनीच आणून दिला. मी त्यातली भाषा सुधारली, एक म्हण घातली, आणि वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे छापले. आमचा प्रतिनिधी! माझ्या मासिकाला प्रतिनिधी कुठला? मी, खिळे जुळवणारा आणि टपाल नेणारा पोऱ्या, एवढाच आमचा परिवार.

जूनमध्ये पाऊस झाला, पेरण्या झाल्या. बियाणे नीट उगवले नाही. पावसाने दगा दिला की बियाण्याने, यावर बाजारात वाद झाले, आणि व्यापाऱ्याने हात झटकले. मला एक कार्ड आले. आमच्या तालुक्यातल्या शेवटच्या टोकाच्या गावचा वर्गणीदार. शिवी नाही, आरोप नाही. दोन ओळी होत्या: तुमच्या अंकात वाचले म्हणून दोन पाकिटे जास्त घेतली होती, दुबार पेरणीला पैसे नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षाची वर्गणी पाठवता येणार नाही, कृपया अंक बंद करावा.

कृपया!

त्याने व्यापाऱ्याला पत्र लिहिले नाही, मला लिहिले. कारण व्यापारी विकायला बसला आहे, हे त्याला ठाऊक होते. मीही विकायला बसलो आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आणि सांगायची जागा माझ्याच हातात होती. लेखाभोवती एक चौकट आणि वर ‘जाहिरात’ ही चार अक्षरे. खिळे जुळवणाऱ्याला दोन मिनिटांचे काम. मी अंक त्याला फुकट पाठवत राहिलो. दोन परत आले, मग पाठवणे सोडले.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, “मामा, तो काळ निराळा होता. आता शंभर आवाज एकदम चालू असतात. ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही.” त्याचे हे म्हणणे मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. आज छापणे सोपे झाले आहे. मासिक काढणाऱ्याला १८६७ सालच्या ज्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागे, तोही १ मार्च २०२४ पासून जाऊन नवा आला. ज्याला त्याला काढता येते, म्हणून जो तो काढतो, म्हणून जो तो ओरडतो. पण शंभरजण ओरडत असताना एकशे एकाव्याने आणखी मोठ्याने ओरडणे हा उपाय असेल, तर आपले बाजार एव्हाना फार शहाणे झाले असते. गोंगाटात माणूस वळून बघतो तो आपल्या नावाने कुणी हाक मारली तर. हाक मारायला नाव ठाऊक असावे लागते. पंधराशे नावे मला कधीच ठाऊक नव्हती. साडेचारशे होती, आणि त्यांतल्या निम्म्यांची अक्षरे मी पाकिटावरून ओळखत असे. टोकाच्या गावच्या त्या माणसाचे अक्षर डावीकडे कललेले होते.

“नाव होऊ द्या म्हणतोस,” मी म्हटले, “पण कशाचं? तुझ्याजवळ सांगण्यासारखं एक तरी आहे का, जे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग, केळीचा ट्रक भरताना घडाच्या दांड्यापायी वजनातून किती कापतात, कुठल्या गावी किती कापतात, आणि ते कोण ठरवतो, हे सांगू लागला. त्याने दोन हंगाम वहीत लिहून ठेवले होते. मामी चहा घेऊन आली, तोही निवला. आमदाराचे आणि नटाचे नाव त्या तासाभरात एकदाही निघाले नाही. मी म्हटले, हाच तुझा अंक. आठ पाने कर, शंभर प्रती काढ, रावेरच्या आणि सावद्याच्या बाजारात स्वतः उभा राहून वाट. तो फाईल उचलून गेला. जाताना तोंड जरा उतरलेलेच होते. मामा जुन्या वळणाचा, असे घरी सांगितल्याचे माझ्या बहिणीने फोनवर मला कळवले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी टपालाने आठ पाने आली. काळ्या शाईत, बिनचित्रांची. दोन ठिकाणी बेरीज चुकली आहे आणि ‘क्विंटल’ तीन तऱ्हांनी लिहिले आहे. मी लाल शाईने खुणा करून वर्षाच्या वर्गणीसह पाने परत पाठवली. काल त्याचे उत्तर आले. बेरजेची चूक त्याने कबूल केली आहे, ‘क्विंटल’बद्दल वाद घातला आहे, आणि पोटमाळ्यावरच्या माझ्या जुन्या अंकांविषयी पुढच्या खेपेला चार बऱ्या ओळी टाकू का, असे विचारले आहे. म्हणजे ते गठ्ठे तरी हलतील. मी ‘टाक’ म्हणून कळवले. फक्त चौकटीत, आणि वर ‘जाहिरात’ असे छापून.